दहा पिकोफॅरडची वायर

महिना झाला, पण हे काम डोक्यातून जात नाही.

पुण्यातला एक कॉलेजचा मुलगा जुना जपानी कोरस पेडल, म्हणजे गिटारचा आवाज दाट करणारी पायाखालची डबी, घेऊन आला. "काका, बाबांचा आहे. ऑर्केस्ट्रात वाजवायचे. कोरस तसाच ठेवून यातून फ्लँजर काढून द्याल का?" मी हो म्हटलं. अशी कामं मला आवडतात, आणि आजवर बरीच केलीत.

दोन्हींचा गाभा एकच. मूळ आवाजात त्याचीच किंचित उशिरा आलेली नक्कल मिसळायची आणि तो उशीर हळूहळू कमीजास्त करत राहायचं. पूर्वी दोन टेप मशीनवर एकच गाणं लावून एका रिळाच्या कडेवर बोट टेकवत, त्या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात, त्यावरूनच फ्लँजर हे नाव आलं. पेडलमध्ये हे काम एमएन ३२०७ ही चिप करते. तिच्यात १०२४ टप्पे असतात. बादल्यांची रांग लावून आग विझवतात तसा सिग्नल एका टप्प्यातून दुसऱ्यात ओतला जातो. क्लॉक, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारा ठोका, ६४ किलोहर्ट्झ असेल तर पलीकडे पोचायला ८ मिलिसेकंद लागतात. तो कोरस. क्लॉक तिपटीने वाढवला की उशीर पावणेतीनच्या आत येतो. मग वारंवारतांच्या पट्टीत पडलेल्या खाचा एकमेकींपासून लांब जातात, त्या सरकताना कानाला कळतात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा आवाज येतो.

क्लॉकचा वेग एका कपॅसिटरवर ठरतो, तो लहान तितका क्लॉक जलद. म्हणून तिथला १०० पिकोफॅरडचा बदलून ३३ चा घालायचा. दोन्ही हवेत तर दोन्ही कपॅसिटर स्विचवर घ्यायचे. त्याच स्विचच्या दुसऱ्या बाजूने एलएफओचा, म्हणजे उशीर हळूहळू कमीजास्त करणाऱ्या भागाचा, कपॅसिटर दुप्पट करायचा, म्हणजे हेलकावा निम्म्या वेगाने येतो. आणि फीडबॅक, म्हणजे चिपमधून निघालेला आवाज पुन्हा आत सोडणं. तो इथे जीव आहे. आकृत्या काढणारे बहुतेक जण तो थेट चिपच्या तोंडाशी जोडतात, हे मला पटत नाही. चिपच्या आधी ट्रेबल उचललेला असतो आणि नंतर तेवढाच उतरवलेला असतो. उतरवल्यानंतरचा सिग्नल उचलण्याच्या नंतर जोडला, तर प्रत्येक फेरीला ट्रेबल गळतो आणि आवाज घोंगडीखालून येतो. मी तो उचलण्याच्या आधी, पहिल्या ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) मिश्रणात सोडतो आणि फीडबॅकच्या पॉटला, म्हणजे फिरवायच्या बटणाला, मालिकेत एक रेझिस्टर ठेवतो, म्हणजे पॉट पूर्ण फिरवला तरी शिट्टी लागत नाही.

सगळं झालं. फ्लँजर थोडा दबका वाटला. चिप म्हातारी झाली असेल म्हणून नवी बसवली, फरक नाही. कोरसच्या पेडलकडून एवढंच मिळायचं, असं धरून मी तो देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी वडील स्वतः आले. साठीचे, शांत. म्हणाले, "फ्लँजरचं मला कळत नाही. पण कोरस माझा राहिला नाही. जास्त हेलकावतोय." बोर्डावरचा कोरसचा कपॅसिटर मूळचाच होता, मी तो फक्त स्विचवर नेला होता. म्हणून 'तुमचा भास असेल' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बोललो नाही, याचं आज बरं वाटतं.

पेडल उघडला की डेप्थचं, म्हणजे हेलकाव्याचं, बटण शून्यावर ठेवून चिपच्या दोन नंबरच्या पायावर क्लॉक मोजायचा आणि जॉबकार्डावर लिहायचा, ही माझी जुनी सवय. कपॅसिटरच्या पायावर प्रोब कधी लावत नाही, कारण प्रोबचेच पिकोफॅरड मिसळतात आणि आकडा खोटा येतो. कार्डावर ६४ होतं. त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं. ५८.

स्विचपर्यंत नेलेल्या सहा इंचांच्या दोन वायरी मी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून पिळ घालून नेल्या होत्या. पिळाच्या वायरी म्हणजेच छोटा कपॅसिटर, साधारण दहा पिकोफॅरडचा. शंभरावर दहा चढले, उशीर ८ चा ८.८ झाला आणि हेलकावा तितकाच वाढला. फ्लँजरच्या बाजूला ३३ वर तेच दहा चढले होते, म्हणजे क्लॉक १९० च्या जागी दीडशेच्या आसपास. दबका वाटत होता तो याच्यामुळे, आणि मी चिपला दोष देऊन मोकळा झालो होतो. आकृत्यांत कपॅसिटरची किंमत लिहितात, वायरीची लांबी कोणीच लिहीत नाही.

मग ३३ चा बोर्डावरच पक्का केला. ६८ चा त्याच्या शेजारी, छोट्या रीड रिलेमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) समांतर. स्विचपर्यंत आता फक्त रिलेचा डीसी जातो, त्या वायरी कितीही लांब असोत. शेवटचा एक-दोन पिकोफॅरड ट्रिमरने, म्हणजे कमीजास्त करता येणाऱ्या कपॅसिटरने, जुळवला. पुन्हा ६४.

वडिलांनी पंधरा मिनिटं वाजवलं. "हं, आता बसला." फ्लँजरही लावून बघितला, मुलाकडे बघून म्हणाले, "हा तुझा."

मी त्याच रात्री जुनी जॉबकार्डं काढली. स्विचवर कपॅसिटर नेलेले अकरा पेडल निघाले. एकाचाही क्लॉक काम झाल्यावर मोजलेला नाही, आणि अकरापैकी कोणी तक्रारही केली नाही. सात जण पुण्यातच आहेत, त्यांना फोन केलेत. पहिला पेडल शनिवारी येतोय.