खळ्यातली होडी : नोंद ३

गेल्या वर्षी होडीला नुसतं मेण चोपडून मी स्वतःलाच फसवलं. देवगडच्या खाडीत महिनाभर चकाकली, मग पुन्हा पांढरट. हात फिरवला की तळव्यावर खडूची भुकटी. उन्हाने जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या रंगीत लेपाचा, वरचा थर मेलेला, तो काढल्याशिवाय वर काय लावाल ते फुकट.

यंदा आधी नंबराचा जुना स्टिकर खरवडला. खाली मूळ निळा रंग, जसाच्या तसा! शेजारी ओला फडका फिरवला तर तिथेही तोच निळा, सुकल्यावर परत फिका. म्हणजे आशा आहे.

गोड्या पाण्याने मीठ काढलं, अ‍ॅसिटोनने जुनं मेण. हातभर चौकोनावर १०००चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा; आकडा मोठा तितका बारीक) मारून बघितला; खडू हलेना. मग ८००, १०००, १५००, २००० असा चढत गेलो. ८००चं पाणी दुधात नीळ कालवल्यासारखं ओघळतं. पेपर बदलला की घासायची दिशा बदला, आधीच्या रेघा राहिल्या असतील तर लगेच दिसतात. मी एका पट्ट्यात १०००वरून थेट बफिंगला, म्हणजे मशीनने चकाकी आणायला, गेलो आणि चकाकीतून रेघा वर आल्या. तेवढा पट्टा पुन्हा पहिल्यापासून.

बफिंग मशीन गाड्या रंगवणाऱ्या मित्राचं. लोकरी पॅड, मिनिटाला १२०० ते १५०० फेरे, कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) अगदी थोडं. नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या, कडेवर मात्र क्षणभर जास्त रेंगाळलो. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर, कडेला आणखी पातळ. रुपयाएवढ्या जागेत फायबरची जाळी डोकावली आणि पोटात गोळा आला. आता तिथे हार्डनर घालून नवा जेलकोट लावायचा आणि वर प्लॅस्टिक दाबून बसवायचं; हवा लागली तर वरून चिकट राहतो. निळा जुळवणं हा वेगळाच ताप. कडांना आधी मास्किंग टेप लावा म्हणून मित्राने बजावलं होतं, मीच ऐकलं नाही.

काम मांडवाखाली, कारण उन्हात कंपाउंड वाळून बसतं. आईची कुरकुर रोजची: "तुळशीचं लगीन काय आता होडीत लावायचं रे?"

डाव्या बाजूला मेणाचे दोन हात झाले. उजवी बाजू अजून खडूच. खळं मोकळं करायला चार दिवस आहेत.