तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेरणा नेमकी कुठे शोधता?

घरांचे आणि लाकडी सामानाचे आराखडे करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला नागपुरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. कामात इतक्या निरनिराळ्या देशांच्या कलांची छाया दिसते, ती येते कुठून, आणि त्यासाठी परदेशी फिरावेच लागते का, असे लोक कुतूहलाने विचारतात.

माझे उत्तर असे, की एका साहित्यात मुरलेला हात जिथे दुसऱ्या साहित्याला भिडतो, ती जागा मी शोधतो. तिथे कारागिराने काय सोबत आणले आणि काय मागे ठेवले, हे स्पष्ट दिसते. सांचीच्या मोठ्या स्तूपाभोवतीची वेदिका, म्हणजे दगडी कुंपण घ्या. उभ्या खांबांना खाचा, त्यांत बसवलेल्या सूची म्हणजे आडव्या पट्ट्या आणि वरून झाकणारा उष्णीषाचा दगड, ही सारी रीत सुताराची आहे. दगडाचे कुंपण नुसते रचूनही उभे राहिले असते, परंतु ज्या परंपरेला लाकडाची जोडणी ठाऊक होती, तिने दगडही तसाच जोडला. दक्षिणेकडील तोरणावर, म्हणजे प्रवेशद्वारावर, तर जवळच्या विदिशा नगरीतील हस्तिदंत कारागिरांनी हे रूपकाम केल्याचा लेख कोरलेला आहे. तो कळल्यापासून तोरणांवरील माणसे, हत्ती आणि झाडे यांची ती विलक्षण दाटी मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. तळहाताएवढ्या दातावर कोरण्याची सवय असलेली दृष्टी तिथे अजस्र दगडावर फिरली आहे, असे मला मनापासून वाटते. हस्तिदंताच्या या कलेचा पल्लाही थोडाथोडका नव्हता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही मिळाली.

सुताराची हीच सवय लेण्यांतही दिसते. भाजे येथील चैत्यगृहाच्या, म्हणजे खडकात खोदलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, छताला खऱ्या लाकडी फासळ्या आहेत आणि अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात त्याच फासळ्या खडकात कोरल्या आहेत. खडकात खोदलेल्या छताला लाकडी किंवा दगडी, कोणत्याच फासळ्यांच्या आधाराची गरज नव्हती.

नागपूरकरांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे दीक्षाभूमी. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या आत जाता येत नाही, त्याला प्रदक्षिणा घालायची असते. त्यावरूनच प्रेरणा घेतलेला आणि २००१ साली लोकार्पण झालेला आपला स्तूप मात्र आतून पोकळ आहे. बाहेरून तीच अर्धगोलाकार आकृती, चारही दिशांना तोरणे, परंतु आत प्रशस्त सभागृह. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्या जागेच्या स्मारकाने माणसांना आत घेतले, याहून उचित बदल मला सुचत नाही. जुन्या आकाराचा मान राखून त्याचा उपयोग असा बदलणे हे मी माझ्या व्यवसायातील सर्वांत अवघड काम मानतो.

काही साम्ये कोणी कोणाकडून न घेताही निर्माण होतात. विदर्भाची करवतकाठी साडी पाहा. तिचे अंग टसर रेशमाचे असते आणि काठ वेगळ्या रंगाचा. विणकर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवतो, दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक. दोन रंगांचे आडवे धागे जिथे एकमेकांत गुंततात, तिथे करवतीचे दाते उमटतात. तुर्कस्तानच्या किलीम नावाच्या विणलेल्या सतरंजीत हे धागे एकमेकांत गुंतवत नाहीत, त्यामुळे दोन रंगांची सीमा सरळ उभी ठेवली तर तिथे लांब फट राहते. म्हणून तिथला विणकर सीमा पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी नेतो. रीती वेगळ्या, परंतु दोन रंग कसे सांधायचे हा प्रश्न दोन्ही मागांवर एकच आहे, आणि दोन्हीकडे त्याच्या उत्तरातूनच नक्षी जन्मली आहे.

माझ्या कामात याचा उपयोग कसा होतो, तेही सांगतो. कैरोच्या जुन्या घरांत मश्रबिया नावाची लाकडी जाळी असते. ती लेथवर घडवलेल्या लहान लहान तुकड्यांना खिळे न मारता एकमेकांत बसवून तयार करतात, कारण तिथे चांगले लाकूड दुर्मिळ होते आणि कोरड्या उष्णतेत मोठी फळी तडकते. आपल्याकडे आलापल्लीचे उत्तम सागवान आहे, त्यामुळे पहिली अडचण आपली नाही. दुसरी मात्र शंभर टक्के आपली आहे. मे महिन्यात आटणारे आणि जुलैमध्ये फुगणारे लाकूड प्रत्येक नागपुरी दाराला ठाऊक आहे. म्हणून मी रुंद अखंड फळी टाळतो, लहान तुकडे हलायला जागा ठेवून बसवतो आणि आकृती साधीच ठेवतो. कैरोची नक्षी जशीच्या तशी उचलण्यात मला रस नाही.

परदेशी जाता आले तर अवश्य जावे. परंतु सुरुवात करायची असेल तर भंडारा जिल्ह्यातील एखाद्या टसर विणकराच्या मागापाशी करा, आणि अंगाचा धोटा काठापाशी आल्यावर नेमका कसा परततो, ते त्यांना हळू करून दाखवायला सांगा.