आत्याची आणि शालभंजिकेची भेट

ग्वाल्हेरचे दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. एक जयविलास राजवाड्याच्या गर्दीत गेला, दुसरा अंगातल्या तापात. तिसऱ्या दिवशी आत्याला म्हटलं, गुजरी महालात येतेस? ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तिचा संसार होऊन चाळीस वर्षं झाली. पाहुण्यांना घेऊन किल्ल्यावर कितीदा गेली असेल, पण पायथ्याच्या या महालात एकदाही नाही. "वहाँ क्या है, टूटी मूर्तियाँ हैं," रिक्षावाला म्हणाला. मला ते फार लागलं.

राजा मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) मृगनयनी राणीसाठी बांधलेला हा महाल. संस्थानच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या मो. ब. गर्द्यांनी इथे संग्रहालय उभं केलं. मराठी घरांत त्यांचं नाव निघत नाही, याचं वाईट वाटतं. अंगणाभोवती खोल्या, त्यांत बेसनगर, पवाया इथून आलेली शिल्पं. बाघ लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतीही आहेत. त्यासाठी चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हलदार १९२१ साली बाघला गेले होते.

ग्यारसपूरची शालभंजिका, झाडाखाली उभ्या स्त्रीची मूर्ती, मात्र कुलपात असते. विचारल्यावर पहारेकऱ्याने किल्ली आणली.

केवढीशी आहे ती! मला उगाच पुरुषभर उंचीची वाटली होती. हात तुटलेले, पायही पूर्ण नाहीत. कमरेत किंचित वळलेली. मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या बारीक की दगड ओला असल्यासारखा वाटतो. गळ्यातला हार छातीवरून खाली उतरताना शरीराच्या वळणाबरोबर वळतो. आणि ओठ. आत्ता काहीतरी आठवलंय आणि सांगायचं नाहीये, असे. जयविलासची साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं बघताना मी नुसतं वजन ऐकत होते; इथे कुणी काही सांगू नये असं वाटलं.

आत्या गज धरून उभी होती. "अगं, हात असते तर कुठे असते गं हिचे?"

"वर. शालवृक्षाची फांदी धरलेली असते शालभंजिकेने."

तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि उजवा हात वर नेला. खांदा आखडलाय तिचा, कानाच्या वर जात नाही. तेवढाच नेला, कमरेत जराशी वळली आणि मूर्तीकडे बघत राहिली. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

पहारेकऱ्याच्या हातात कुलूप तसंच होतं. "देखिए अम्मा, आराम से देखिए," तो म्हणाला.