आईला घेऊन वेलिंग्टनचं 'ते पापा' संग्रहालय बघितलं, त्याचा अनुभव

लेक न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला असते. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि आई (वय 74, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी) तिच्याकडे राहून आलो आणि तिथलं राष्ट्रीय संग्रहालय बघितलं. पूर्ण नाव 'ते पापा टोंगारेवा', अर्थ साधारण 'मौल्यवान वस्तू ठेवायची पेटी'. वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तिकिटाचं. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांना फुकट आहे, पण सप्टेंबर 2024 पासून बाहेरच्या देशातून आलेल्या 16 वर्षांवरच्या माणसाला 35 डॉलर पडतात, आधीची माहिती वाचून गेलात तर फुकटच समजून जाल. लेकीने आदल्या रात्री ऑनलाईन काढून दिली. दोघींचे मिळून आपले साडेतीन हजारांच्या आसपास झाले, आई म्हणाली एवढ्यात महाबळेश्वर होतं गं, मी म्हटलं चल तर, दिवस वसूल करू. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 उघडं असतं. लेक ऑफिसला गेली, आम्ही जॉन्सनव्हिलवरून ट्रेनने स्टेशनला आणि तिथून बसने, कारण समुद्राकाठचा रस्ता सुंदर असला तरी वाऱ्यात आईला साडी सांभाळत एवढं चालवणं शक्य नव्हतं. आत गेल्या गेल्या व्हीलचेअर मागा, लगेच मिळते, लाजू नका. आईने आधी नको नको केलं आणि दुपारी स्वतःच बसली.

बरेच जण खालून सुरुवात करतात आणि वर पोचेपर्यंत दमतात. आम्ही उलटं केलं, सकाळी ताज्या ताज्या थेट चौथ्या मजल्यावर गेलो, माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, दालनं आणि मराए तिथे आहे. मराए म्हणजे माओरी लोकांची एकत्र जमायची जागा. इथली क्लिफ व्हायटिंग यांच्या देखरेखीखाली घडवलेली आहे, एकदम रंगीत, आणि ती नुसती बघायला ठेवलेली नाही तर तिथे खरोखर स्वागताचे, निरोपाचे विधी होतात. आई उंबऱ्याशी थांबली आणि कुणी सांगायच्या आधी बूट काढायला वाकली. मी म्हटलं अगं इथे काढायलाच पाहिजेत असं नाही, तर म्हणाली देवळासारखं वाटतंय, काढलेले बरे.

पण माझा जीव अडकला तो 'ते हाऊ की तूरांगा' नावाच्या कोरीव लाकडी घरात. 1840 नंतरच्या दोनतीन वर्षांत राहारुही रुकुपो नावाच्या मोठ्या कारागिराने आपल्या गेलेल्या भावाच्या आठवणीत ते उभं केलं. आत शिरलं की दोन्ही भिंतींना कोरलेले पूर्वज उभे, जिभा बाहेर, डोळ्यांत पाऊआ शिंपल्याचे तुकडे, आपण हललो की ते डोळे निळे-हिरवे चमकतात. मी एकाच खांबापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे, लाकडात एक बोटभर जागा सपाट सोडलेली नाही, वळणात वळण, त्यात परत बारीक खाचा. माओरी लोक असं घर म्हणजे पूर्वजाचं शरीरच मानतात, आढं म्हणजे पाठीचा कणा, वासे म्हणजे बरगड्या. हे वाचल्यावर आई छताकडे बघत म्हणाली, मग आपण पोटात बसलोय की.

हे घर 1867 मध्ये सरकारने त्या लोकांकडून, म्हणजे रोंगोफाकाटा जमातीकडून, उचलून नेलं. आता ते त्यांचंच आहे हे सरकारने मान्य केलंय आणि परत त्यांच्या भागात, गिस्बर्नकडे न्यायचं ठरलंय. मी साताऱ्याची, आपल्याकडे 2024 मध्ये लंडनहून वाघनखं आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, आणि तरी आम्ही रांगा लावल्या, त्यामुळे आख्खं घर माघारी जाणार म्हणजे त्या लोकांना काय वाटत असेल हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्याच मजल्यावर 6 फेब्रुवारी 1840 च्या वाइटांगी कराराचं, म्हणजे ब्रिटिश आणि माओरी यांच्यात झालेल्या कराराचं, दालन आहे. इंग्रजी मजकुरात सार्वभौमत्व दिलं असं लिहिलंय आणि माओरी मजकुरात फक्त कारभार. एका शब्दावरून आजपर्यंत वाद चाललाय, तिथे घाई करू नका.

दुपारी बाहेर येऊन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग दुसऱ्या मजल्यावर निसर्ग दालन. तिथला महाकाय स्क्विड 2007 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात मिळालेला, 495 किलोचा, मुलं असतील तर ती तिथून हलणार नाहीत. आम्ही मात्र भूकंपाच्या घरापाशी अडकलो. छोटं घर आहे, आत उभं राहायचं आणि ते हलतं. आईचं माहेर पाटणकडचं, 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती 16 वर्षांची होती, म्हणून मी म्हटलं राहू दे. नाही म्हणाली, मला बघायचंय. बघितलं, माझा हात घट्ट धरून. बाहेर आल्यावर म्हणाली, हे थांबतं हे माहीत होतं ना, तेव्हा माहीत नव्हतं. मग खाली बाहेरच्या बाजूला इमारतीचा पायाच दाखवलाय तिथे नेलं, शिसं आणि रबर यांचे जाड ठोकळे, जमीन हलली तरी धक्का वर कमी पोचावा म्हणून. ही युक्ती न्यूझीलंडच्याच बिल रॉबिन्सन यांची. आईने ते दोनदा समजून घेतलं आणि कोयनानगरला असं केलंय का विचारलं.

शेवटी गॅलिपोलीचं, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानात झालेल्या लढाईचं, दालन. माणसापेक्षा 2.4 पट मोठे पुतळे, सिनेमांसाठी असली कामं करणाऱ्या वेटा वर्कशॉपने केलेले, घाम, नखातली माती, हातावरचा केस न केस. न्यूझीलंडचे 2779 जण त्या लढाईत गेले. लॉटी ल गॅले नावाच्या नर्सचा पुतळा आहे, भावाला लिहिलेली पत्रं तिच्याकडे परत आली तेव्हा तिला कळलं तो गेला. तिथे आई व्हीलचेअरवरून उठली. आमच्या गावात चावडीवर संगमरवरी पाटी आहे, गावातून पहिल्या महायुद्धात इतके लढाईला गेले, इतके मेले, बस, एकाचंही नाव नाही. आपल्याकडचे बरेच जण तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेलेले.

शेवटच्या पुतळ्याच्या पायाशी लोक कागदी पॉपीवर, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत वाहायच्या लाल फुलावर, काहीतरी लिहून ठेवतात. आईने चष्मा लावला, माझ्याकडून पेन घेतलं, आमच्या गावाचं नाव लिहिलं, खाली 'नमस्कार', आणि इतरांच्या फुलांत नीट जागा करून ठेवलं.