वरची विहीर

गेली बारा वर्षं मी एका खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासते. आमच्याकडे येणाऱ्या बाटलीवर विहिरीचं नाव नसतं, क्रमांक असतो. त्या गावाहून मी आणलेल्या आठ बाटल्यांतली पहिली होती ‘जीडब्ल्यू-१’, आणि यादीत तिच्यापुढे एक शब्द लिहिलेला होता: पार्श्वभूमी. त्या शब्दाने काय केलं, ते मला पाच महिन्यांनी, एप्रिलमधल्या एका दिवशी कळलं.

गावाचं नाव लिहीत नाही. देशावरचं तालुक्याचं ठिकाण, नगरपरिषद असलेलं. शहराबाहेर ओढ्याच्या काठाला वीसेक वर्षांपासून कचरा डेपो आहे. तो आता भरलाय. शेजारचं गायरान घेऊन डेपो वाढवायचा, आसपासच्या लहान शहरांचा कचराही तिथेच आणायचा, ओल्याचं खत करायचं आणि उरेल ते शास्त्रोक्त लँडफिलमध्ये पुरायचं, असा प्रस्ताव होता. अशा सामायिक प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्याआधी अहवाल लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. अहवाल सल्लागार कंपनी करते, पाण्याची तपासणी आमच्यासारख्यांकडून करून घेते.

पावसाळा सोडून कुठल्याही एका हंगामाची मोजणी या अहवालाला चालते. म्हणून मी गेले नोव्हेंबरात. विहिरी काठोकाठ भरलेल्या, म्हणजे पाण्यात मिसळलेलं जे काही असेल ते सगळ्यात पातळ झालेलं. ठिकाणांची यादी सल्लागारांनी दिली होती. डेपोच्या खालच्या अंगाला सात विहिरी आणि बोअर, वरच्या अंगाला एक विहीर, तीच जीडब्ल्यू-१. वरची विहीर अशासाठी, की तिच्याशी खालच्यांची तुलना करायची. खालचं पाणी वरच्यापेक्षा खराब निघालं तर दोष डेपोचा. सारखंच निघालं तर तो त्या जमिनीचाच गुण. रीत बरोबर आहे. मी ती नव्या मुलांना शिकवतेसुद्धा.

आकडे आले ते सारखेच. वर आणि खाली दोन्हीकडे क्लोराइड जास्त, क्षार जास्त, नायट्रेट ४५ च्या वर. नायट्रेटची लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा अशी आहे की तिला सवलत नाही. इतर काही घटकांना ‘दुसरा स्रोत नसेल तर इथवर चालेल’ अशी वरची मर्यादा दिलेली असते, नायट्रेटला नाही. अहवालात निष्कर्ष आला: डेपोचा भूजलावर लक्षणीय परिणाम दिसत नाही, वाढलेले घटक भूस्तर आणि शेतीतून आलेले असावेत.

मला ते खटकलं होतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सापडतं. पाणी जड लागतं, डाळ शिजत नाही, हे सगळं खरं. पण एवढं क्लोराइड हा खडक सहसा देत नाही. मी सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, ऊसपट्टा आहे. पोटॅश टाकतात, त्यातून क्लोराइड येणारच.” तेही शक्य होतं. मी पुढे विचारलं नाही. माझं काम आकडे देण्याचं, अर्थ त्यांनी लावायचा, असं मनाशी म्हटलं आणि पुढच्या बाटल्या घेतल्या.

सुनावणी डेपोपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयात होती. अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, समोर व्हिडिओ चित्रण करणारा मुलगा. काही तांत्रिक विचारलं गेलं तर असावी म्हणून मला सल्लागारांच्या मागच्या खुर्चीत बसवलं होतं. सकाळी साडेदहालाच उभं राहायला जागा उरली नव्हती. वारा डेपोकडून होता, बायकांनी पदर नाकाला लावले होते.

पहिले बोलले ते फुरसुंगीचं नाव घेऊनच. या भागात डेपो म्हटला की माणसं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच आठवतात. पुण्याचा कचरा तिथे १९८१ पासून जायला लागला आणि वाढत वाढत तो १६३ एकरांवर गेला. विहिरी गेल्या, टँकरचं पाणी आलं, आगी लागल्या. २०१७ मध्ये आगीनंतर गावाने कचऱ्याच्या गाड्या कितीतरी दिवस अडवून धरल्या होत्या. “तिथंबी पहिल्यांदा शास्त्रोक्तच म्हणले होते,” एक जण म्हणाला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शांतपणे नोंद करून घेतली.

मग एक तरुण उठला. हातात अहवालाचं परिशिष्ट, पानांना खुणा घातलेल्या. “शिशाच्या रकान्यात आठही ठिकाणी ‘बीडीएल’ लिहिलंय. त्याचा अर्थ काय?”

सल्लागार म्हणाले, “म्हणजे शिसं आढळलं नाही.”

“किती असेल तर आढळतं?”

सल्लागारांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले. सांगितलं, की आम्ही ज्या यंत्रावर ही तपासणी केली, ते लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या खालचं शिसं दाखवू शकत नाही. त्याने विचारलं, “आणि पिण्याच्या पाण्यात किती चालतं?” मी म्हटलं, “०.०१.”

त्याने मनात हिशोब केला. “म्हणजे चालतं त्याच्या चौपट शिसं असतं, तरी तुमच्या कागदावर बीडीएलच आलं असतं?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं उत्तरच नव्हतं.

शिशाचं का विचारतोय तेही त्याने सांगितलं. डेपोवर गाडीच्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, फुटलेल्या ट्यूबलाइट सगळं एकत्र येतं. रात्री पिंपं उतरवतात असंही लोक म्हणत होते. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. कारखान्याचा घातक कचरा रांजणगाव किंवा तळोजासारख्या ठिकाणीच जायला हवा, गावच्या डेपोवर नाही, एवढं मात्र नक्की. आणि जिथे असा संशय आहे तिथे शिसं तपासायचं तर त्याहून बारीक मोजणारं यंत्र हवं. ते महाग पडतं, मागणीपत्रात कोणी लिहिलं नव्हतं, आणि मीही सुचवलं नव्हतं.

त्यानंतर गाडी शुल्कावर गेली. मालमत्ता कराच्या बिलात कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क लागू झालं होतं. शहरातल्या लोकांची तक्रार, की कर भरतो मग हे वेगळं कशाला? कचरा उचलायला आणि त्यावर प्रक्रिया करायला पैसा लागतो आणि तो कुठून तरी यायला हवा, हे माझं मत आहे. पण तो पैसा डेपोखालच्या माणसाच्या विहिरीसाठी कधी खर्च होतो का, हे विचारायलाच हवं, आणि ते कोणी विचारलं नाही. अर्धा तास नुसत्या रकमेवर गेला. माझं लक्ष उडालं होतं.

तेवढ्यात एक आजोबा उठले. धोतर, पांढरी टोपी, हातात घडी घातलेलं बिल. वरच्या वस्तीवरचे. हद्दवाढीत त्यांची वस्ती नगरपरिषदेत गेली होती.

“सायेब, शुल्क लावलं, भरू. पर घंटागाडी येत न्हाय आमच्याकडं. एक डाव बी आली न्हाय. त्यापरीस पूर्वीचं बरं होतं. निदान टॅक्टर तरी रोज दारावरनं जायचा, खाणीत टाकायला.”

लोक हसले. अध्यक्षांनी “घंटागाडी येत नाही” एवढं लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मी मात्र तिथेच अडकले. कोणती खाण? अहवालातला नकाशा काढला. वरच्या वस्तीजवळ एकच खूण होती, जीडब्ल्यू-१. खाण कुठेच नव्हती. मी उठले आणि अध्यक्षांची परवानगी घेऊन आजोबांना विचारलं, “आबा, खाणीत काय टाकायचे?”

“कचराच की. गावचा समदा. हा डेपो व्हायच्या आधी. दगडाची जुनी खाण, ती भरली मग वर मुरूम वढला.”

“तुमच्या विहिरीपासून किती लांब?”

“हिरीच्या वरच्या अंगाला. हाकेवर.”

सल्लागारांनी माझ्या बाहीला हात लावला, “मॅडम, बसा.” मी बसले नाही. माझं धाडस वगैरे त्यात नव्हतं. आठही बाटल्यांचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर एका रांगेत उभे राहिले होते. खालच्या विहिरींत या डेपोचं काळं पाणी आणि वरच्या विहिरीत त्या जुन्या डेपोचं. दोन्ही सारखे आले ते त्यामुळे, आणि आम्ही लिहिलं होतं की परिणाम नाही. एकही आकडा खोटा नव्हता. मी स्वतः घेतलेले नमुने, स्वतः केलेल्या तपासण्या.

मी म्हटलं, “सर, जीडब्ल्यू-१ ही विहीर पार्श्वभूमी म्हणून धरता येणार नाही. तिच्या वर जुना कचरा पुरलेला आहे असं आत्ता कळतंय. मी नमुना घेताना याची चौकशी केली नव्हती. निष्कर्ष पुन्हा तपासावा लागेल.”

अध्यक्षांनी मला तेच वाक्य परत, सावकाश सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त लोकांना मराठीत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. अडीच वाजता ते वाचलं गेलं तेव्हा माझं वाक्य त्यात होतं. घंटागाडीचंही होतं. सल्लागारांची गाडी मला न घेता गेली. आमच्या मालकांचे सहा फोन येऊन गेले होते, त्यावर इथे लिहिण्यासारखं काही नाही.

मी आजोबांबरोबर वस्तीवर गेले. पिशवीत क्षार मोजायचं हातातलं मीटर असतंच. खाणीच्या जागी आता वेड्या बाभळी होत्या, नवख्याला पडीक रान वाटावं अशा. आजोबांनी काठीने एका घळीत उकरलं. वीतभर मुरुमाखाली प्लॅस्टिक, काच, चपलेचा अंगठा. त्यांच्या विहिरीत मीटर धरलं, नोव्हेंबरपेक्षा आकडा बराच वर गेला होता. मग खाणीच्याही वर, पाच-सात मिनिटं चढून, त्यांच्या भावकीतल्या एका विहिरीवर गेलो. पाणी तळाला होतं. पोहऱ्याने काढलं, मीटर बुडवलं. आजोबांच्या विहिरीच्या निम्म्याहूनही कमी. तोच खडक, तोच ऊस, तीच खतं. मी तीनदा मीटर धुऊन पुन्हा घेतलं.

काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहतं, ते कुठून कुठे जाईल हे वरून सांगता येत नाही, म्हणून एका मीटरवर शिक्कामोर्तब करू नये. पुरते नमुने घ्यावे लागतील, तेही मे महिन्यात. हे मी आजोबांना सांगत सांगतच घरी आलो.

आजींनी चहा ठेवला होता. मी नको म्हटलं नाही. ओसरीवर सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी दुधाची बाटली, पावडरचा डबा, झाकण ठेवलेलं पातेलं. सुनेला दूध पुरत नव्हतं, म्हणून वरचं सुरू केलेलं.

“पाणी विहिरीचंच का?” मी विचारलं.

“हिरीचंच,” आजी म्हणाल्या. “पर आमची हीर डेपोच्या वर हाय, खालच्यांसारखी न्हाय. आन मी उकळूनच देते. वीस-वीस मिनिटं.”

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ जाते, नायट्रेट पातेल्यात राहतं, आणि जितकं जास्त आटवावं तितकं घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात त्यामुळे प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. ती ४५ ची मर्यादा मुळात या बाळांसाठीच आहे. मी बाळाची बोटं हातात घेऊन नखं पाहिली. गुलाबी होती. ओठही. तरी सांगितलं, की उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, डॉक्टरांना पाण्याचं सांगा, आणि हे पाणी बाळाला यापुढे अजिबात नको, उकळून तर नकोच. शाळेजवळ नगरपरिषदेचं आरओचं पाणी मिळतं, ते आणा.

सुनेने बाटली उचलून कट्ट्यावर पालथी केली. आजी पातेल्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “हे तुमच्या कागदात हाय का?”

“आहे.”

“कवापास्नं?”

“नोव्हेंबरपासून.”

“बाळ डिसेंबरातलं,” त्या म्हणाल्या.

आजोबांनी मुलाला हाक मारली. त्याने मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधले आणि तो शाळेकडे निघाला. मी वहीत नव्या विहिरीची नोंद केली: वेळ, मीटरचा आकडा, पाण्याची खोली, आणि खाणीपासून किती पावलं, तेही.