आधी जबडा, मग तारा

कडक भाकरीचा तुकडा चावताना कानाजवळ 'कट्' वाजायचं, तेव्हा मला वाटायचं भाकरीच वाजतेय. मग एका सकाळी जांभई अर्ध्यावर अडकली. आई म्हणाली, "कानात वारं शिरलं असेल." म्हणून आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान स्वच्छ होता. त्यांनी कानाच्या पुढे बोटं टेकवली, तोंड उघडमीट करायला लावलं आणि सांगितलं, "कान नाही, जबड्याचा सांधा आहे. दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

माझे पुढचे दात वेडेवाकडे, तारा बसवायच्याच होत्या. पहिल्या क्लिनिकमध्ये ऐकवलं, "तारा लावा, चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळणं, नीट झाला की आवाजही जाईल." मी ॲडव्हान्स भरून मोकळी! नंतर मावसबहिणीने दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणाऱ्या दातांच्या डॉक्टर) मॅडमकडे ओढत नेलं. (ॲडव्हान्समधले निम्मेच परत मिळाले, तेही चार फेऱ्यांनंतर.)

मॅडमनी आरशाआधी पट्टी काढली. तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या-खालच्या दातांत अंतर भरलं २९ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं साधारण ४० च्या पुढे हवं. आपलीच तीन बोटं उभी मावली पाहिजेत. माझी दोन जेमतेम मावत होती. मग त्यांनी गालाचे, कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले. डाव्या गालावर दाबताच मी खुर्चीतून उठलेच.

"दुखतंय तोवर तारा नाहीत," त्या म्हणाल्या. स्नायू आखडलेले असताना जबडा कुठेतरी चुकवून बसतो, मग चाव्याची नोंदच फसवी येते आणि सगळा आराखडा तिच्यावर उभा राहतो. आवाजाचं कारण कागदावर काढून दाखवलं: जबड्याचा गोळा आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते, ती पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना परत गोळ्यावर बसते, तेव्हा कट्. साध्या ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, हाड दिसतं, चकती नाही. ती एमआरआयमध्ये नीट दिसते. मला त्याची गरज पडली नाही. नुसता आवाज असेल, दुखत-अडकत नसेल, तर त्यावर उपचारच करत नाहीत, हे ऐकून मी चाटच पडले.

चाव्यामुळेच हा त्रास होतो ही समजूत जुनी आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टन या अमेरिकन डॉक्टरने तसं मांडलं होतं, आणि तोही नाक-कान-घशाचाच! आता मात्र तारांनी सांधा बिघडतो असंही मानत नाहीत आणि बरा होतो असंही नाही.

माझं दुखणं दातांपेक्षा ऑफिसात होतं. मी सीएच्या ऑफिसात आहे. मार्चअखेर म्हणजे दात आवळूनच बसायचं. दात एकमेकांना टेकायचे ते चावताना आणि गिळताना, एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे, असं मॅडमनी बजावलं. मी मॉनिटरच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवली. ती दिसली की जबडा सैल सोडायचा. दिवसातून दोनदा गरम शेक, मऊ खाणं, आणि रात्री दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची स्प्लिंट. पहिल्या आठवड्यात लाळेने उशी भिजायची. सोलापुरात राहून शेंगा चटणी मऊ भातासोबत खायची, याचं दुःख वेगळंच.

साडेतीन महिन्यांनी पट्टीवर ४१ आले. तारा बसवण्याआधी कागदावर सही घेतली: तारा दातांसाठी आहेत, आवाज राहू शकतो, दुखणं परत येऊ शकतं.

आणि आलंच. आठव्या महिन्यात वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायला दिलं, चौथ्या दिवशी डावा गाल ठणकायला लागला. मला वाटलं, संपलं सगळं. फोन केला तर मॅडम शांत: "रबर आजच काढ, तारा राहू दे, त्या ओढणार नाहीत अशा करून देते." तीन आठवडे नुसता शेक, मऊ भात आणि टिकली. मग हलकं रबर, आधी फक्त रात्री. या वेळी जबड्याने कुरकुर केली नाही.

तारा निघायला अजून पाच महिने आहेत. कट् अजून वाजतं, दुखत नाही. कडक भाकरी मी आता आमटीत कुस्करून खाते. आजीचं म्हणणं, ती खायची रीतच तशी आहे, तुम्हीच पोरं ती पापडासारखी मोडत बसता.