आमची वाटचाल : बॉडी कोणी बांधली?

स्टुटगार्टच्या बाहेर, रेम्स नदीच्या खोऱ्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. युद्धापूर्वीच्या जर्मन मोटारींचे लाकडी सांगाडे, पत्रा आणि घडीचे टप दुरुस्त करणं हे आमचं मूळ काम. त्याच्या जोडीला हळूहळू दुसरं काम उभं राहिलं. नावाची पट्टी हरवलेल्या गाडीची बॉडी कोणत्या कोचबिल्डरने, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या कोणत्या फर्मने, बांधली हे शोधायचं आणि तसा लेखी अहवाल द्यायचा. आज लोक आम्हाला ओळखतात ते या दुसऱ्या कामामुळे.

या कामाची ओढ मला घरूनच मिळाली. वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी बांधणीला होते. चासी कंपनीकडून यायची आणि तिच्यावर गाडी उभी राहायची ती दापोडीत, चिकलठाण्याला किंवा नागपूरच्या हिंगण्याला. स्टँडवर उभं राहून वडील नुसत्या बांधणीवरून सांगायचे, ही आपली, ही नागपूरची. जर्मनीत १९२०-३०च्या दशकांत मोटारींचंही असंच होतं. कारखाना इंजिनासकट चासी द्यायचा, बॉडी बाहेरची फर्म बांधायची. ड्रेस्डेनचा ग्लेझर, बर्लिनचे एर्डमान आणि रोसी, इथला स्टुटगार्टचा रॉयटर आणि बाउर, ओस्नाब्रुकचा कारमान, रावेन्सबुर्गचा स्पोन. शिवाय गावोगावी लहान लहान कारागीर.

जर्मनीत शिकायला म्हणून आलो, काही वर्षं नोकरी केली आणि मग एका निवृत्त व्हायला आलेल्या सुतार-माइस्टरबरोबर, म्हणजे उस्ताद सुताराबरोबर, भागीदारीत ही जागा घेतली. ते लाकूड बघायचे, मी पत्रा आणि टप. हिशेब बायकोकडे. सुरुवातीची वर्षं कुठल्याही नव्या धंद्याला जातात तशीच गेली, त्याबद्दल फार लिहीत नाही.

वळण आलं ते वांडरर या जुन्या जर्मन कंपनीच्या एका गाडीमुळे. एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मामाकडून वारशाने मिळालेली डब्ल्यू ११, अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन दारांची कॅब्रिओलेट, म्हणजे घडीच्या टपाची. बॉडीवर पट्टी नाही. बघणारा प्रत्येक जण म्हणत होता, ही ग्लेझरचीच. ग्लेझरचं नाव लागलं की किंमत चढते, त्यामुळे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बाईंना किंमतीपेक्षा खरं काय ते हवं होतं. मला त्या त्यासाठीच आवडल्या.

अडचण अशी, की वांडररसाठी ग्लेझरही बॉडी बांधायचा आणि रॉयटरही. बाहेरून बघून ठरवावं तर बाह्यरेषा फसवतात. फॅशन सगळेच उचलत. माणसंही इकडची तिकडे जात. एर्डमान आणि रोसीचे नामांकित डिझायनर योहानेस बीस्को युद्धानंतर रोमेट्श या बर्लिनच्याच कोचबिल्डरकडे आणि पुढे कारमानकडे गेले. बर्लिनची नॉयस ही जुनी फर्म १९३३ साली एर्डमान आणि रोसीत विलीन झाली. एकाच हाताची रेघ वेगवेगळ्या पट्ट्यांखाली सापडते ती अशी.

चासी नंबर चासीपुरतंच बोलतो. डाइम्लर-बेंझच्या गाडीला निदान त्यांच्या संग्रहातली कमिशन-पुस्तकं, म्हणजे ऑर्डरींच्या नोंदवह्या, असतात, गाडी झिंडेलफिंगेनच्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या बॉडीसह गेली की नुसती चासी बाहेर पडली हे त्यांत कळतं. वांडरर १९३२पासून आउटो युनियन या चार मोटार कंपन्यांच्या एकत्रित कंपनीत होती, आणि त्या कंपनीची कागदपत्रं केम्निट्झच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. पण प्रत्येक गाडीची बॉडी कुणाची, हे तिथे लिहून ठेवलेलं असेलच असं नाही. कोचबिल्डरांचे स्वतःचे कागद तर बहुतेक ठिकाणी गेले. १९४५च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेन बेचिराख झालं, बर्लिनची गत वेगळी नव्हती.

म्हणून आम्ही गाडीलाच विचारलं. दारांच्या आतलं अस्तर काढलं. त्यामागे ॲश लाकडाचा सांगाडा असतो. हे लाकूड चिवट, वाफेवर वाकतं आणि धक्के सोसतं, म्हणून जर्मन कोचबिल्डरांची त्यालाच पसंती. एका वेळी अनेक बॉड्या बांधल्या जात असताना भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर खांबांवर, दारांवर, फळ्यांवर, बैठकीच्या चौकटीवर, टपाच्या कमानींवर एकच नंबर ठोकत किंवा पेन्सिलीने लिहीत. वांडररमध्ये खांब, दोन्ही दारं आणि टपाची मागची कमान यांवर एकच नंबर निघाला. म्हणजे बॉडी एकसंध आहे, तुकडे जोडून केलेली नाही, एवढं पक्कं झालं. बांधणारा अजून कळला नव्हता.

बाईंच्या अल्बममध्ये गाडीचा युद्धापूर्वीचा एक फोटो होता. नंबरप्लेटवर ‘तीन ए’, म्हणजे रोमन तीन आणि पुढे ए. १९०६पासूनच्या पद्धतीत रोमन तीन म्हणजे व्युर्टेम्बर्ग आणि ए म्हणजे स्टुटगार्ट. एक ए असतं तर बर्लिन, दोन ए असतं तर म्युनिक. माइस्टर खूश झाले, पण मी त्यांना थांबवलं. प्लेटवरून कळतं मालक कुठे राहत होता. ड्रेस्डेनची बॉडी स्टुटगार्टला विकली जात नव्हती असं थोडंच आहे.

निकाल लागला तो तुलनेत. ज्यांचे जुने कागद शाबूत आहेत अशा वांडरर गाड्यांच्या मालकांना आम्ही पत्रं लिहिली. ग्लेझरची एक आणि रॉयटरची एक गाडी त्यांनी आम्हाला मनापासून उघडून दाखवली. आम्ही पाहिलं ते असं : दाराच्या खांबाचा खालच्या आडव्या लाकडाशी सांधा कसा कापलाय, बिजागऱ्या कुठे बसल्यात, टप मिटताना त्याच्या कमानी कोणत्या क्रमाने एकमेकींवर येतात. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडणारे भाग त्याच्या हौसेने बदलत. सांधा बदलत नाही, कारण तो त्या कारखान्यातल्या सुताराच्या हाताला बसलेला असतो. आमची गाडी सांध्यांत, बिजागऱ्यांत आणि टपात रॉयटरशी जुळली, ग्लेझरशी कशातच नाही.

रॉयटर म्हणजे १९०६पासून इथे स्टुटगार्टात काम करणारी फर्म, जिने पुढे पोर्शेच्या ३५६ मॉडेलच्या बॉड्या बांधल्या आणि जिच्या नावातूनच रेकारो हे सीटचं नाव आलं. ग्लेझर नाही म्हणून बाई जराही हिरमुसल्या नाहीत. गाडी आपल्याच गावची निघाली याचा त्यांना आनंद झाला.

त्या अहवालानंतर कामं येऊ लागली. तेव्हापासूनचा आमचा नियम साधा आहे. पुराव्यांचा क्रम लावतो आणि खात्री जितकी असेल तितकीच लिहितो. पट्टीला सर्वांत कमी वजन देतो, कारण नवी पट्टी बनवून मिळते आणि चार स्क्रूंनी बसते. तिच्यामागचा रंग आणि स्क्रूंची जुनी भोकं मात्र बारकाईने बघतो. काही अहवालांत शेवटी ‘कोचबिल्डर अज्ञात’ असंच लिहितो. त्यावरून एखादं गिऱ्हाईक नाराज होऊन गेलंय, तरीही लिहितो.

बर्लिनच्या अम्बी-बडने १९२६पासून अमेरिकन पद्धतीने पूर्ण पोलादी बॉड्या दाबून काढायला सुरुवात केली. अशा गाडीत लाकूड वाचायला नसतं, तिथे पत्र्याचे जोड आणि वेल्डिंग वाचावं लागतं. त्या कामाला आम्ही आता एक तरुण मुलगी घेतली आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगलं वाचते. माइस्टर निवृत्त झाले, पण सांध्यांचे फोटो आणि मापं यांचा आमचा संग्रह तपासायला अजून येतात.

भारतातूनही आता विचारणा येते. संस्थानांच्या काळात तिकडे आलेल्या जर्मन गाड्या अजून आहेत. त्या मालकांना माझी एकच विनंती असते. सांगाडा कुजलाय म्हणून नवा करायला घ्याल तेव्हा जुनं लाकूड जाळू नका. प्रत्येक तुकड्यावर तो कुठला ते लिहा, सांधे कापण्याआधी फोटो काढा आणि ते तुकडे कोरड्या जागी ठेवा. पॉलिश, रंग, क्रोम यांचे फोटो पाठवले नाहीत तरी चालतील.